इंजिन मागे, हात पुढे

रिक्षावाला डाव्या हाताने क्लच दाबतो, तीच मूठ पिळतो आणि गिअर पडतो. मुठीतून निघालेल्या दोन वायरी तळाच्या पत्र्याखालून मागच्या गिअरबॉक्सपर्यंत जातात. मूठ एकीकडे पिळली की एक वायर ओढली जाते, दुसरीकडे पिळली की दुसरी. दोघींनी फक्त ओढायचं, ढकलायचं काम कुणाकडेच नाही. वायर सैल पडली तर मेकॅनिक स्टँडवरच अॅडजस्टरचा नट फिरवून ती कसून देतो आणि रिक्षा पुन्हा रांगेत लागते. इंजिन मागे आणि चालक पुढे असला की गिअर कसा पोचवायचा, हा प्रश्न आपल्या रस्त्यांवर इतका सरावाचा झाला आहे की तो सोडवावा लागतो याचीच आठवण राहत नाही.

चारचाकी घरी बांधायला घेतली की आठवण होते. हौशी बांधणाऱ्यांचं मन ज्या मांडणीवर जडतं ती मिड-इंजिनची: इंजिन सीटच्या पाठीमागे आणि मागच्या आसाच्या पुढे. वजन मध्याजवळ गोळा होतं, गाडी वळणात पटकन फिरते, नाक बसकं ठेवता येतं. इंजिन कुठलं घ्यायचं, चासीला पाइप चौकोनी की गोल, डिस्कब्रेक कुठल्या गाडीचे, यावर महिनोन्‌महिने खल होतो. गिअरचा दांडा आणि गिअरबॉक्स जोडणारं लिंकेज मात्र ‘ते बघू शेवटी’ या खात्यात जमा असतं. माझ्या मते सगळी गफलत इथे आहे. इंजिन कोणत्या जागी, कोणत्या तोंडाने आणि कसल्या फाउंडेशनवर बसवायचं हे ज्या दिवशी ठरतं, त्याच दिवशी गिअर लोण्यासारखा पडणार की खडखडत, हे बऱ्याच अंशी ठरून गेलेलं असतं. रॉड घ्यायचा की केबल, हा हौशी मंडळींचा आवडता वाद त्यानंतरचा आहे, आणि त्याचं उत्तरही बहुतेक वेळा इंजिनाच्या मांडणीतच असतं.

आधी काम काय आहे ते पाहू. नेहमीच्या मोटारीत दांडा दोन हालचाली करतो. डावी-उजवीकडे हलवून आपण जोडी निवडतो (पहिला-दुसरा, तिसरा-चौथा, पाचवा-रिव्हर्स), आणि पुढे-मागे करून त्या जोडीतला एक गिअर टाकतो. गिअरबॉक्सबाहेर आलेला सिलेक्टर शाफ्ट बहुधा एकटाच या दोन्ही आज्ञा पाळतो. एका आज्ञेला तो स्वतःभोवती थोडा फिरतो, दुसरीला आत-बाहेर सरकतो. कोणत्या आज्ञेला फिरायचं आणि कोणत्या आज्ञेला सरकायचं, हे प्रत्येक बनावटीत वेगळं. रिक्षाला हा त्रास नाही, कारण तिथे गिअर एकापाठोपाठ एक येतात, निवड करायचीच नसते. मोटारीत दोन हालचाली एकमेकींत न मिसळता मीटर-दीड मीटर लांब न्यायच्या, आणि वाटेत सायलेन्सर, पाण्याचे होज, इंधनाची टाकी आणि खुद्द इंजिन आडवं.

यात एक साधं गणित कायम डोक्यात ठेवावं लागतं. दांड्याची मूठ खिळीपासून २५० मिमी वर आणि खालचं टोक ५० मिमी खाली असेल, तर हाताची ताकद पाचपट होते. पण सैलपणाही पाचपट होतो. वाटेतल्या चार सांध्यांत प्रत्येकी अर्धा मिमी खेळ असला तर खालच्या टोकाशी २ मिमी आणि हाताला तब्बल १० मिमी पोकळ हालचाल जाणवते. नवीन बसवलेल्या सांध्यांचा हा हिशोब झाला. बुश झिजल्यावर तिसरा कुठे आणि पहिला कुठे हे हाताला कळेनासं होतं. जुनी मारुती ८०० चालवलेल्या कुणालाही हे सांगायला नको. दोनचारशे रुपयांचे प्लास्टिकचे बुश बदलले की तीच गाडी नव्यासारखी वाटायची.

आता तोंडाचा प्रश्न. घरी बांधणारा सहसा एखाद्या फ्रंट-व्हील-ड्राइव्ह गाडीचं इंजिन-गिअरबॉक्स आख्खं उचलतो आणि सीटमागे ठेवतो. हे शहाणपणाचं आहे, कारण इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि दोन्ही अॅक्सल एका गठ्ठ्यात मिळतात. कंपन्यांनीही हेच केलं. १९७२ ची फियाट एक्स-वन-नाइन, १९८४ ची टोयोटा एमआर-टू आणि त्याच सुमाराची पाँटियाक फिएरो या तिन्ही गाड्यांचा पाया पुढून मागे नेलेला हाच गठ्ठा. पण मूळ गाडीत चालक या गठ्ठ्याच्या मागे बसत होता, आता तो पुढे बसतो. सिलेक्टरचं तोंड मात्र पूर्वीच्या चालकाकडे, म्हणजे आता मागच्या बंपरकडे. मग गठ्ठाच फिरवून तोंड पुढे केलं तर? तर चाकं उलटी फिरतात: गाडीला पाच रिव्हर्स आणि पुढे जायला एक गिअर. आडव्या इंजिनाच्या गठ्ठ्यात यावर घरगुती उपाय नाही. तो जसा होता तसाच बसवायचा आणि लिंकेजने वळसा घालायचा.

उभ्या, म्हणजे गाडीच्या लांबीत बसणाऱ्या इंजिनांची गोष्ट वेगळी आणि जास्त जुनी आहे. लंडनजवळच्या सर्बिटन इथल्या गॅरेजमध्ये चार्ल्स आणि जॉन कूपर या बापलेकांनी १९४६ मध्ये दोन फियाट टोपोलिनोंचे पुढचे भाग जोडून, चालकामागे मोटरसायकलचं ५०० सीसी इंजिन ठेवून एक छोटी रेसगाडी बनवली. आजच्या घरगुती मिड-इंजिन गाडीची ही आजीच म्हणायची. पुढे त्यांच्या मोठ्या गाड्यांना चालकामागे मोटारीचं इंजिन आलं, तेव्हा गिअरबॉक्स आला सित्रोएन ट्रॅक्शन अवांतकडून. ती फ्रंट-व्हील-ड्राइव्ह गाडी, तिचा गिअरबॉक्स इंजिनाच्या पुढे, अगदी नाकाशी. कूपरच्या गाडीत तो शेपटाशी गेला. १९५९ आणि १९६० चं जागतिक अजिंक्यपद जॅक ब्रॅबमने कूपरमधूनच मिळवलं.

कॉलिन चॅपमनने १९६६ च्या लोटस युरोपात हाच डाव रस्त्यावरच्या गाडीसाठी टाकला. रेनो १६ चं इंजिन आणि गिअरबॉक्स उलटं फिरवलं, आणि चाकं सुलटी फिरावीत म्हणून डिफरन्शियलचं क्राउन व्हील पिनियनच्या दुसऱ्या बाजूला नेलं. उभ्या गिअरबॉक्समध्ये हे करता येतं, आडव्यात नाही. पण गिअरबॉक्सचं सिलेक्टरचं टोक आता गाडीच्या पार मागे. दांड्यापासून निघालेल्या रॉडला इंजिन ओलांडून, गिअरबॉक्सही ओलांडून, मागून आत शिरावं लागलं. पोर्शे ९१४ ची तीच तऱ्हा. ९११ मध्ये इंजिनाच्या पुढे असलेला गिअरबॉक्स इथे मागे गेला आणि १९७२ पर्यंतच्या गाड्यांत रॉड शेपटातून शिरत होता. त्या गाड्यांचा गिअर ढिसाळपणाबद्दल बदनाम झाला. १९७३ पासून पोर्शेने गिअरबॉक्सच्या बाजूने शिरणारी रचना आणली आणि तक्रारी बऱ्याच निवळल्या. रॉड तोच, चालवणारा हातही तोच. रॉडने आत कुठून शिरायचं, एवढाच काय तो बदल.

दोन गाड्यांनी तर प्रश्नालाच बगल दिली. १९६४ च्या फोर्ड जीटी४० च्या रेसिंग रूपात चालक उजवीकडे आणि दांडाही त्याच्या उजव्या हाताला, दाराच्या उंबऱ्यावर. तिथून रॉड इंजिनाच्या कडेने बराचसा सरळ मागे जातो, मधल्या गर्दीत शिरतच नाही. पुढे रस्त्यावर चालवण्यासाठी जी मार्क थ्री निघाली तिच्यात चालक डावीकडे आणि दांडा मध्ये आला. ग्राहकाला तेच ओळखीचं. दुसरी गाडी लॅम्बोर्गिनी काउंटॅक, १९७१ मध्ये जिनिव्हाला पहिल्यांदा दिसलेली. अभियंता पाओलो स्टान्झानी यांनी बारा सिलिंडरचं इंजिन असं फिरवलं की गिअरबॉक्स इंजिनाच्या पुढे, थेट दोन सीटांच्या मध्ये आला. दांडा जवळजवळ गिअरबॉक्सच्या डोक्यावरच. लिंकेजचा प्रश्न मिटला, पण मागच्या चाकांपर्यंत शक्ती न्यायला एक शाफ्ट इंजिनाच्या तेलाच्या संपमधून परत मागे न्यावा लागला, आणि त्यापायी इंजिन थोडं वर उचलावं लागलं. घरी बांधणाऱ्याने यातून काउंटॅकची नक्कल करू नये. दांडा मध्येच हवा असं कुठे लिहून ठेवलेलं नाही, एवढं जरी उचललं तरी पुष्कळ झालं.

रॉडबद्दल दोन गोष्टी नीट पाहण्यासारख्या आहेत. पहिली जाडीची. निवडीची हालचाल पिळाच्या रूपाने जात असेल तर रॉड स्वतः पिळला जाता कामा नये. दीड मीटर लांबीची १० मिमी जाड भरीव सळी घ्या, आणि तेवढ्याच लांबीचा २० मिमी बाहेरच्या व्यासाचा, दीड मिमी जाडीचा पाइप घ्या. वजनात फरक जेमतेम दहा टक्क्यांचा. पण १० न्यूटन-मीटर पीळ दिला तर सळी सुमारे ११ अंश वळते आणि पाइप दीड अंशाच्याही आत राहतो. तरीही पहिल्या गाड्यांत सळ्याच दिसतात, कारण सळी वाकवता येते. वाकवलेली सळी स्प्रिंगसारखी वागते हे पुढे तिसरा गिअर शोधताना समजतं. वळण घ्यायचंच असेल तर पाइपाचे सरळ तुकडे आणि मध्ये क्रॉस जॉइंट, आणि तेही होतील तितके कमी. एका क्रॉस जॉइंटवर ३० अंशांपेक्षा जास्त कोन आला की फिरण्यातला असमानपणा जाणवू लागतो. दोन सांधे एकमेकांशी नीट जुळवून बसवले तर एकाची चूक दुसरा खाऊन टाकतो. लांब पाइपला मध्ये एक आधारही लागतो, नाहीतर तो थरथरतो. नायलॉनचा ठोकळा भोक पाडून चासीला बसवला तरी काम भागतं.

दुसरी गोष्ट इंजिनाच्या डुलण्याची, आणि या सगळ्या विषयाचं मर्म माझ्या मते तिच्यात आहे. इंजिन रबरी फाउंडेशनवर बसतं. अॅक्सिलरेटर दाबला की ते एकीकडे कलतं, सोडला की दुसरीकडे. आडवं इंजिन कलतं ते पुढे-मागे, म्हणजे नेमकं गिअर टाकण्याच्या दिशेने. दांडा चासीला घट्ट, गिअरबॉक्स इंजिनाबरोबर हलणारा आणि मध्ये ताठ रॉड, असं असलं तर चढावर पाय दाबताच गिअरबॉक्स रॉडवर सरकतो. चालकाला वाटतं गिअर सटकतोय, गिअरबॉक्स खराब आहे. तो उघडला जातो, आतलं सगळं ठीक निघतं.

मूळ गाड्या बांधणाऱ्यांना हे माहीत होतं. मारुती ८०० खाली वाकून पाहिली की गिअरबॉक्सपासून दांड्याकडे येणारे दोन रॉड दिसतात. एक गिअर टाकणारा. दुसरा काहीच हलवत नाही; तो दांड्याची बैठक गिअरबॉक्सशी बांधून ठेवतो आणि बैठक स्वतः रबरावर तरंगती असते. इंजिन कललं की बैठकही तेवढीच सरकते, दोघांमधलं अंतर बदलत नाही. घरी बांधताना हा दुसरा रॉड निरुपयोगी समजून फेकून दिला जातो आणि बैठक थेट चासीला वेल्ड होते. मग इंजिन हलू नये म्हणून रबर काढून लोखंडी फाउंडेशन, आणि मग प्रत्येक फेऱ्याची थरथर पाठीच्या कण्यात. दांडा आणि गिअरबॉक्स यांच्यातलं अंतर वाढल्यावर दोन्ही रॉड लांब करून तीच तरंगती रचना ठेवता येते, पण ती अवजड होते आणि वळसाही घालावा लागतोच.

उभ्या इंजिनाला हा जाच कमी. ते डावी-उजवीकडे, स्वतःच्या लांबीच्या आसाभोवती कलतं. लांबीतून जाणारा रॉड त्या आसाच्या जवळ असला तर त्याला पुढे-मागे धक्का बसत नाही, फार तर निवडीच्या दिशेने किंचित पीळ पडतो. म्हणून उभं इंजिन असेल तर रॉड, आडवं असेल तर केबल, हा माझा सरळ कौल आहे. अपवाद असतात. एक्स-वन-नाइनमध्ये आडव्या इंजिनाला रॉडच आहे, आणि तिचे जुने मालक बुशांविषयी तासभर बोलू शकतात.

केबलचा खरा गुण वाकणं हा नाही. केबलच्या बाहेरच्या कवचाचं टोक गिअरबॉक्सवरच्याच ब्रॅकेटमध्ये पकडलेलं असतं. इंजिन कितीही कललं तरी ते टोक आणि सिलेक्टर एकत्रच हलतात, मधलं कवच थोडं लवतं आणि धक्का तिथेच जिरतो. एमआर-टू, फिएरो, नंतरची एमजीएफ आणि १९९६ ची लोटस एलिस या गाड्या केबलकडे वळल्या, यात नवल नाही. निवडीला एक आणि गिअर टाकायला एक, अशा दोन केबली लागतात, आणि त्या रिक्षाच्या वायरीसारख्या नुसत्या ओढणाऱ्या नसून ओढणाऱ्या आणि ढकलणाऱ्या, दोन्ही असाव्या लागतात. अशा केबलच्या कवचात लांबीच्या दिशेने पोलादी तारांचा थर असतो, त्यात प्लास्टिकचं अस्तर आणि आत ताठ गाभा. ब्रेकची वायर आणून हे काम होत नाही. ढकलताना ती मुरगळते.

केबल कुठूनही वळवता येते हा समज मात्र महागात पडतो. केबलचं घर्षण एकूण वळणावर अवलंबून असतं आणि ते चक्रवाढ व्याजासारखं चढतं. घर्षणांक ०.१५ धरला तर एकूण १८० अंश वळलेल्या केबलीत एका टोकाला लागणारं बळ दुसऱ्या टोकाच्या १.६ पट होतं. ३६० अंशांत अडीचपटीच्या वर. पोकळ हालचालीचंही तसंच. गाभा आणि अस्तर यांत १ मिमी मोकळीक असेल तर अर्ध्या वर्तुळात सुमारे ३ मिमी हालचाल नुसती गाभा या भिंतीवरून त्या भिंतीवर जाण्यात संपते. वळणाची त्रिज्या मोठी केली म्हणून या दोन आकड्यांत फरक पडत नाही. फरक पडतो तो अंश कमी केल्याने. मोठ्या त्रिज्येचा फायदा वेगळा आहे: मोटारीच्या गिअरची केबल साधारण १५० ते २०० मिमीपेक्षा आवळून वळवली की ताठ गाभा अस्तराला घासू लागतो आणि केबल लवकर मरते.

आणि उष्णता. मिड-इंजिन गाडीत एक्झॉस्ट मॅनिफोल्ड बहुधा सीटमागच्या भिंतीच्या आणि इंजिनाच्या बेचक्यात येतो, केबलीलाही तीच वाट सोयीची. साध्या प्लास्टिकचं अस्तर मऊ पडतं, गाभा त्यात रुततो, आणि थंड असताना झकास पडणारा गिअर वीस किलोमीटरनंतर दगड होतो. हातभर अंतर, मध्ये पत्र्याची ढाल, आणि जमेल तिथे थंड बाजूने वाट, यापलीकडे त्यावर दुसरा मंत्र नाही.

आता त्या तोंडाच्या प्रश्नाचं केबलीने काय होतं? मूळ ब्रॅकेट तसाच ठेवून केबल गठ्ठ्याला वळसा घालून मागून आणली, तर ढकलणं ढकलणंच राहतं आणि गिअरचा नकाशा मूळ गाडीचाच मिळतो. किंमत म्हणजे जास्तीचे १८० अंश. उलट केबल पुढून सरळ आणली आणि ब्रॅकेट गिअरबॉक्सच्या पुढच्या अंगाला नवा बनवला, तर वळणं वाचतात पण हालचाल उलटी होते: पहिल्याच्या जागी दुसरा, तिसऱ्याच्या जागी चौथा. काही जण ‘सवय होईल’ म्हणून हा उलटा नकाशा स्वीकारतात. तो स्वीकारू नये. घाईच्या क्षणी हात जुन्या सवयीने चालतो. तिसऱ्यातून दुसऱ्याऐवजी पहिला पडला, आणि पहिल्याचं गुणोत्तर तिसऱ्याच्या अडीचपट असलं, तर ३००० फेऱ्यांवरचं इंजिन क्लच सोडताच ७५०० कडे ओढलं जातं. व्हॉल्व्ह वाकायला तेवढं पुरतं.

उलटा नकाशा सुलटा करणं अवघडही नाही. केबल दांड्याच्या खिळीच्या खाली जोडली असेल तर मूठ पुढे नेल्यावर ती मागे ढकलली जाते. तीच खिळीच्या वर जोडली तर पुढे ओढली जाते. निवडीच्या केबलीसाठी बेल क्रँकचा, म्हणजे खिळीवर फिरणाऱ्या दुहाती तरफेचा, हात दुसऱ्या बाजूला वेल्ड केला की झालं. मला हाच मार्ग पसंत आहे: वाट सरळ ठेवायची आणि दिशा दांड्याशी उलटवायची, जिथे बसून काम करता येतं आणि उष्णता नसते. कवचाची दोन्ही टोकं मात्र जाड पत्र्यात, आडव्या आधारासह पकडलेली हवीत. दीड-दोन मिमीच्या पट्टीचा ब्रॅकेट गिअर टाकताना डोळ्यांना दिसेल इतका वाकतो, आणि जेवढा तो वाकतो तेवढा गिअर अर्धवट पडतो.

आपल्याकडच्या बांधणाऱ्याला एक सोय आहे, आणि ती फारशी कुणी वापरत नाही. टाटांची नॅनो. २००८ मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत दाखवलेली, ६२४ सीसीची, चार गिअरची, इंजिन मागे आणि दांडा पुढच्या सीटांमध्ये. गिअर केबलीने. म्हणजे पुढे बसलेला चालक आणि मागे असलेला गिअरबॉक्स यांच्यासाठीच मापलेल्या केबली, ब्रॅकेट आणि दांड्याची बैठक भंगार बाजारात आयत्या मिळतात. ताकद बेताची म्हणून हौशी लोक नाक मुरडतात, पण ४०० किलोच्या उघड्या गाडीत ती वाईट नाही. नॅनो घ्यायची नसली तरी तिची वाटचाल खाली झोपून एकदा पाहून यावी. मोठ्या प्रमाणावरचं आपलं उदाहरण डीसी अवंतीचं. २०१२ च्या एक्स्पोत आलेली ही मिड-इंजिन गाडी पुढे रेनोच्या दोन लिटरच्या टर्बो इंजिनावर विकली गेली.

सगळ्यात जास्त प्रयोग मात्र इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी केलेत. २००७ पासून इंदूरजवळ पीथमपूरला सुरू झालेल्या बाहा एसएई इंडियाच्या स्पर्धेत इंजिन चालकाच्या पाठीमागे असतं, आणि महाराष्ट्रातल्या कॉलेजांचे संघ तिथे हौसेने उतरतात. बऱ्याच संघांनी महिंद्राच्या अल्फा तीनचाकीचा गिअरबॉक्स वापरला, कारण तो स्वस्त, दणकट आणि डिफरन्शियलसकट येतो. त्यावर मग रॉडचे, केबलींचे, सायकलच्या ब्रेकवायरीचेही प्रयोग झाले. यातल्या अपयशाची तऱ्हा ठरलेली असते. कार्यशाळेत जॅकवर गाडी उभी असताना सगळे गिअर पडतात, खड्ड्यांतून दोन फेऱ्या झाल्या की चासी पिळते, ब्रॅकेट सरकतो आणि गाडी एकाच गिअरमध्ये परत येते.

स्पर्धेबाहेर रस्त्यावर गाडी काढायची तर भारतात कायदा आडवा येतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ बनावटीच्या तपशिलात बदल करू देत नाही, आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२६ व्या नियमानुसार नव्या नमुन्याला पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेची चाचणी लागते. ती व्यवस्था कारखान्यांसाठी आहे, एकट्यादुकट्या हौशी माणसाला परवडणारी नाही. ब्रिटनमध्ये एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी १९९८ पासून होते आणि २००९ पासून ती आयव्हीए या नावाने चालते. तिथे किटकारचा धंदा टिकला त्याचं हे एक मोठं कारण. आपल्याकडे घरची गाडी ट्रॅकवर, शेतावर किंवा स्पर्धेतच चालते.

लिंकेज टाळायचंच असेल तर दोन दारं उघडी आहेत. पहिलं मोटरसायकलचं इंजिन. तिथे गिअर एकापाठोपाठ एक, निवड नाही, त्यामुळे एकच रॉड किंवा एकच केबल पुरते. वर ढकललं की पुढचा, खाली ओढलं की मागचा. अडचण न्यूट्रलची, जो पहिल्या आणि दुसऱ्याच्या मध्ये अर्ध्या हालचालीवर लपलेला असतो, आणि रिव्हर्सची, जो मुळात नसतोच.

दुसरं दार विजेचं किंवा हायड्रॉलिकचं. इथे एक मोठं नाव घ्यावं लागतं. फेरारीच्या १९८९ च्या ६४० या फॉर्म्युला वन गाडीत जॉन बर्नार्ड यांनी स्टीअरिंगच्या मागे दोन पट्ट्या बसवल्या आणि गिअर इलेक्ट्रॉनिक-हायड्रॉलिक यंत्रणेने टाकला. आज हे तंत्र वेगासाठी ओळखलं जातं. बर्नार्ड यांना मात्र मुळात दांडा आणि त्याचं लिंकेज चालकाच्या कुशीतून काढून टाकायचं होतं, म्हणजे गाडीची खोळ अरुंद करता येईल. त्या मोसमाच्या पहिल्याच शर्यतीत, ब्राझीलमध्ये, नायजेल मॅन्सेलने ती गाडी जिंकून आणली. २०१४ मध्ये मारुती सेलेरिओने जे एएमटी भारतात आणलं ते याच वंशातलं: नेहमीच्या मॅन्युअल गिअरबॉक्सवर बसणारे यांत्रिक हात. अपघातात निकामी झालेल्या एएमटी गाडीचा आख्खा गठ्ठा मागे बसवला तर लिंकेजच्या जागी तारांचा जुडगा उरतो. कागदावर हे सुंदर दिसतं. पण त्या यंत्रणेचा कॉम्प्युटर इंजिनाच्या, ब्रेकच्या आणि चाकांच्या सेन्सरांशी बोलतो. एकजण गप्प बसला की गाडी न्यूट्रलमध्ये थांबते. ज्याला वेल्डिंगपेक्षा वायरिंग जास्त चांगलं जमतं त्याने हे करावं. बाकीच्यांनी केबल.

जोडणी झाल्यावर सेटिंगचा क्रम सांगतो, कारण इथे केलेली कामं वाया जाताना दिसतात. सुरुवात नेहमी गिअरबॉक्सकडून. सिलेक्टर स्वतःच्या स्प्रिंगांनी न्यूट्रलमध्ये, तिसऱ्या-चौथ्याच्या रेषेत स्थिरावू द्यायचा. मग दांडा बैठकीत सरळ उभा धरून, दोघांच्या आरपार भोक पाडून ६ मिमीची पिन घालायची, म्हणजे तो हलणार नाही. आता केबलींची किंवा रॉडची लांबी अशी जुळवायची की जोडताना कशालाच ताण पडणार नाही. पिन काढायची, मागची चाकं उचलून हाताने फिरवत इंजिन बंद ठेवून एकेक गिअर टाकायचा. आतला टिचकीचा खटका ऐकू आल्यावर दांड्यात अजून दोन-तीन मिमी हालचाल शिल्लक राहिली पाहिजे. ती शिल्लक नसेल, दांडा आधीच बोगद्याच्या पत्र्याला टेकत असेल, तर गिअर पूर्ण पडलेला नाही आणि पहिल्या चढावर तो निसटेल. फार शिल्लक असेल तर हाताचा सगळा जोर आतल्या शिफ्टिंग फोर्कवर जाऊन तो झिजतो, म्हणून तिथे एक थांबा लावायचा. पाचव्यासमोर रिव्हर्स असेल तर मूळ गाडीचा अटकाव, दांड्यावरची कडी किंवा दाबून टाकायची सोय, सोबत आणलीच पाहिजे. लिंकेज नवीन केलं म्हणून गिअरबॉक्सच्या आत तो आपोआप असेलच असं नाही.

शेवटची तपासणी दुसऱ्या माणसाला घेऊन करायची. गाडी तिसऱ्यात, इंजिन बंद. एकाने लाकडी दांडक्याने टेकू देऊन इंजिन फाउंडेशनवर पुढे-मागे डोलवायचं, दुसऱ्याने सीटवर बसून हात न लावता फक्त गिअरच्या मुठीकडे पाहायचं. मूठ इंजिनाबरोबर हलत असेल, तर पुन्हा गाडीखाली.